गच्चीवरची निळी ढाल

चाचा, परवा आमच्या विश्रांतवाडीत हवाई हल्ल्याचा भोंगा वाजला. खरा नव्हे, सरावाचा. आदल्या दिवशी वर्तमानपत्रात छापून आलं होतं, सोसायटीच्या फळ्यावर सूचना होती, सुनेनं सकाळी दोनदा आठवणही करून दिली होती. तरीही दुपारी तो सुरू झाला तेव्हा मी हातातली वाटी टाकून जेवणाच्या टेबलाखाली जाऊन बसले. शहात्तर वर्षांची बाई, गुडघ्याला पट्टा, आणि टेबलाखाली. सून हसली नाही, हे तिचे उपकार. तिला वाटलं, मला विमानांची भीती वाटते. विमानं तर इथे रोज डोक्यावरून जातात, त्यांच्या आवाजात मी दुपारची झोपतेसुद्धा. मला भीती वाटली ती भोंगा थांबल्यावर जिन्यात पावलं वाजली तेव्हा. वरच्या मजल्यावरचे गृहस्थ दूध घेऊन येत होते. पण मला वाटलं, आता कोणीतरी दार वाजवणार आणि विचारणार, हे कोणी काढलं? तुम्हाला जाऊन चाळीस वर्षं झाली. तेवढी वर्षं मी तुमच्याशी मनातल्या मनातही बोलायचं टाळलं, आणि तुम्ही होतात तेव्हाही टाळलंच होतं. आज घरात कोणी नाही, म्हणून लिहिते आहे.

मी कामाला लागले तेव्हा बावीस वर्षांची होते. शनिवार पेठेतला तो आपला हस्तलिखितांचा संग्रह, दुमजली इमारतीचा वरचा मजला, लाल कापडात बांधलेल्या पोथ्या, मोडी पत्रं, फारसी कागद, आणि त्यांच्या मधोमध खिडकीखाली तुमची बैठक. मला याद्या करायला नेमलं होतं. तुम्ही फाटलेले कागद जोडायचात आणि पुस्तकं बांधायचात, तुमच्या घराण्यात चार पिढ्या तेच काम. सगळे तुम्हाला चाचा म्हणायचे, म्हणून मीही म्हणायला लागले. तुम्ही मला पहिल्या दिवसापासून बी.ए. बाई म्हणायचात, त्यात कौतुक किती आणि टोमणा किती हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. पहिल्याच आठवड्यात मी बोट जिभेला लावून पोथीचं पान उलटलं. तुम्ही कुंचला खाली ठेवलात आणि म्हणालात, "बाई, बोटं घरी जेवल्यावर चाटा. इथे खळीत मोरचूद असतो. पोथीतली वाळवी मरते, बी.ए. झालेल्यांचं काय होतं ते अजून पाहिलेलं नाही." सगळी कचेरी हसली. मी दुपारपर्यंत तोंड धूत होते. पण त्यानंतर तुम्हीच मला खळ शिजवायला शिकवलीत, पातळ कागद कडेनं कसा फाडायचा म्हणजे सांधा दिसत नाही ते दाखवलंत, आणि घडी दाबायची तुमची हाडाची पट्टी, वापरून वापरून लोण्यासारखी झालेली, त्याच दिवाळीला मला देऊन टाकलीत. ती माझ्याकडे आहे. मी ती वापरत नाही.

पानशेतच्या पुराचं तुम्ही फार बोलत नसा. एकदाच म्हणाला होतात की चिखलातून काढलेले कागद तुम्ही चार महिने दोऱ्यांवर वाळत घातले आणि त्यातले बरेचसे वाळल्यावर कोरे निघाले. शाई गेली, कागद राहिला. "पाण्याला कोण काय सांगणार?" असं म्हणून तुम्ही विषय मिटवलात. म्हणूनच असेल, दिल्लीहून आलेल्या छापील अहवालांच्या न फोडलेल्या गठ्ठ्यात ती इंग्रजी पुस्तिका सापडली तेव्हा तुम्ही ती सोडेनात. तिच्यावर एक चिन्ह होतं. खाली टोक असलेली ढाल, टोकाकडे निळा चौकोन, वर निळा त्रिकोण, दोन्ही बाजूंना पांढरं. तुम्ही विचारलंत, हे काय आहे? मी चार ओळी वाचून म्हटलं, युद्धात देवळं, ग्रंथालयं, जुन्या वस्तू वाचवायचा करार आहे, हेगमध्ये झालेला, आपल्या सरकारनंही मान्य केलेला. तुम्ही म्हणालात, वाचा. तेव्हापासून रोज जेवणानंतर अर्धा तास मी वाचून मराठीत सांगायची आणि तुम्ही खळ लावता लावता ऐकायचात.

त्या दुपारी मला फार आवडायच्या, हे आता सांगून टाकते. करार समजावा म्हणून मी जिथून मिळेल तिथून आधीचं काय काय गोळा करून आणायची. पहिल्या महायुद्धाच्याही आधी हेगला नियम झाले होते, की वेढा घातला तरी देवळं, इस्पितळं आणि कलेच्या इमारती शक्यतो वाचवाव्यात, आणि आतल्यांनी त्यांच्यावर खूण लावावी. तुम्ही विचारलंत, मग वाचवल्या का? मी सांगितलं की बेल्जियममधलं एका विद्यापीठाचं मोठं ग्रंथालय पहिल्या युद्धात जळालं, नंतर जगानं मदत करून ते पुन्हा बांधलं, आणि दुसऱ्या युद्धात ते पुन्हा जळालं. तुमचा हात थांबला. "तेच?" "तेच." मग एका रशियन चित्रकाराची गोष्ट निघाली, त्यानं पांढऱ्या कापडावर लाल वर्तुळात तीन लाल ठिपके असा झेंडा सुचवला होता आणि अमेरिकेकडच्या देशांनी तो मान्यही केला होता. त्यावर तुम्ही म्हणालात, लाल नको, लाल म्हणजे इस्पितळ समजतील. दुसऱ्या युद्धात लोकांनी चित्रं मिठाच्या खाणींत लपवली, हे तुम्हाला पटलं. मीठ ओल धरतं, पण खाण खोल असते, असं काहीतरी तुम्ही पुटपुटलात. आणि एवढं सगळं होऊन गेल्यावर चौपन्न साली हा करार आणि ही निळी ढाल. करारात होतं की अशी जागा लष्करी ठाण्यापासून लांब असावी. तुम्ही खिडकीतून पूर्वेला पाहिलंत आणि विचारलंत, "कॅम्प किती लांब येतो हो?" मला तोवर त्या पुस्तिकेची मजा वाटत होती. त्या प्रश्नानंतर वाटेनाशी झाली.

शेवटी शेवटी माझा धीर सुटला. चिन्हाच्या प्रकरणात सरकारी भाषेची दोन पानं होती, कोणी कुठे कसं लावायचं वगैरे. त्या दिवशी मला मंडईत जाऊन आईसाठी आवळे घ्यायचे होते आणि उशीर झाला होता. मी म्हटलं, पुढचं सगळं सरकारी आहे, आपल्या कामाचं नाही. तुम्ही मान डोलावलीत. माझ्यावर तुमचा विश्वास होता, इंग्रजीपुरता तरी.

मग एकाहत्तरच्या डिसेंबरात युद्ध सुरू झालं. पुण्यात संध्याकाळ झाली की काळोख. खिडक्यांच्या काचांना तपकिरी कागद, स्कूटरच्या दिव्यांवर काळा रंग, आणि गल्लीत दंडाला पट्टी बांधून शिट्टी फुंकत फिरणारे वॉर्डन, म्हणजे एरवी कोपऱ्यावर स्टेशनरी विकणारे गृहस्थ. तिसऱ्या दिवशीचा भोंगा खरा होता की सराव, ते कोणालाच कळलं नाही. आम्ही जिन्याखाली बसलो. माझी अक्षरशः बोबडी वळली होती. तुम्ही मात्र वर पोथ्यांपाशीच बसून राहिलात. दुसऱ्या दिवशी तुम्ही संग्रहाच्या चिटणीसांना म्हणालात की निदान जुनी फारसी फर्मानं आणि मोडी पत्रांचे बांधलेले रुमाल तळघरात हलवू. चिटणीस म्हणाले की तळघरात वाळवी आहे, आणि बॉम्ब काय शनिवार पेठेचा पत्ता विचारत येणार आहे का? मग तुम्ही ढालीचं काढलंत. त्यांनी हात झटकून सांगितलं, "करा काय करायचं ते, मला विचारू नका." ती परवानगी होती असं तुम्ही धरलंत. मीही धरलं.

दुपारी आपण दोघं गच्चीवर गेलो. बादलीत चुना, दुसऱ्या बादलीत चुना आणि नीळ, दोन्हींत तुम्ही खळ मिसळली होती म्हणजे रंग धरून राहावा. मी सुतळीनं रेघा आखल्या, पुस्तिका हातात धरून, टोक कुठे, त्रिकोण कुठे. नीळ कितीही घातली तरी रंग गडद होईना, तुम्ही वैतागून म्हणालात की धोब्याच्या दुकानासारखं दिसतंय. पण झाल्यावर ती ढाल मोठी देखणी दिसली. पंधरा-सोळा हात लांब. तुम्ही कमरेवर हात ठेवून वर आभाळाकडे पाहिलंत, जणू तिथून कोणी दाद देणार आहे. थंडी होती, ऊन छान होतं, आणि युद्ध सुरू झाल्यापासून त्या एका तासात मला भीती वाटली नाही. शेजारच्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर एक बाई कपडे वाळत घालत होती. ती बराच वेळ आपल्याकडे बघत होती. मी तिला हात केला. तिनं केला नाही.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास जिन्यावर पावलं वाजली. वॉर्डन, एक शिपाई आणि फौजदार. खाली रस्त्यावर माणसं जमली होती, त्यांचा आवाज वर येत होता, आणि त्यात एक वाक्य मला स्पष्ट ऐकू आलं: तो मुसलमान गच्चीवर विमानांना खुणा करतो. तुम्हीही ते ऐकलंत. तुमचं घर पेशवाईपासून या गावात, तुमची मराठी माझ्या आईपेक्षा शुद्ध, आणि एका दिवसात तुम्ही 'तो' झालात. चिटणीस खुर्चीतून उठले ते थेट कपाटाशी जाऊन काहीतरी शोधायला लागले. फौजदार वर जाऊन ढाल पाहून आला. माणूस वाईट नव्हता, पण घाबरलेला होता, आणि घाबरलेल्या माणसाच्या हातात काठी असली की काय होतं ते मला तेव्हा माहीत नव्हतं.

"हे कोणी काढलं?"

"मी."

"कशासाठी?"

"विमानातून दिसावं म्हणून," तुम्ही म्हणालात.

दुसरं कोणी असतं तर फिरवून बोललं असतं. तुम्ही कधी कागदाशी खोटं वागला नाहीत, माणसाशी वागायची सवय कुठून असणार? फौजदारानं विचारलं, कोणाच्या विमानातून. तुम्ही म्हणालात, ज्याचं येईल त्याच्या, आपल्या विमानांना तर पुणं माहीतच आहे. वॉर्डननं बघा बघा म्हणून शिपायाकडे पाहिलं. मग तुम्ही शांतपणे सांगायला लागलात की असा करार आहे, आपल्या सरकारनं तो मानला आहे, ही त्याची खूण आहे, शत्रूनंही ती पाळायची असते. फौजदार म्हणाला, मग लावायला परवानगीचं पत्र असेल. तुम्ही म्हणालात, पत्र लागतं असं त्यात नाही, या बाईंनी मला सगळं वाचून दाखवलंय.

सगळे माझ्याकडे वळले. पुस्तिका माझ्या टेबलाच्या खणात होती, माझ्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर. फौजदारानं विचारलं, तुम्ही वाचलंय का हे? तुम्ही गच्चीवर होतात का? माझ्या पाचावर धारण बसली. माझ्या नखांत नीळ होती, मी हात पदराखाली घेतले.

"मला माहीत नाही," मी म्हटलं. "मी फक्त याद्या करते."

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. रागानं नव्हे, रागानं पाहिलं असतंत तर मी आजवर तेवढ्यावर तगले असते. एखादा कागद हातात घेतल्यावर तो किती पेलेल याचा अंदाज घेत पाहायचात ना, तसं पाहिलंत. मग फौजदाराला म्हणालात, "त्यांना कशाला विचारता? त्या नवीन आहेत." आणि टोपी घालून त्यांच्याबरोबर खाली उतरलात. खाली कोणीतरी तुमचा शर्ट ओढला, फौजदारानं त्याला ढकललं, एवढं मी खिडकीच्या कागदाच्या फटीतून पाहिलं. त्यानंतर मी खण उघडून ती गाळलेली दोन पानं वाचली. त्यात स्वच्छ लिहिलं होतं की स्थावर इमारतीवर हे चिन्ह लावायचं तर त्याच्याशेजारी अधिकाऱ्याची सही आणि तारीख असलेलं परवानगीपत्रही लावलं पाहिजे. पाच ओळी, वाचायला अर्धं मिनिटसुद्धा लागलं नसतं. तुम्ही त्या ऐकल्या असत्यात तर पत्राशिवाय कुंचा उचलला नसतात, तुम्हाला मी ओळखते. संध्याकाळी चिटणीसांनी गच्ची घासून घ्यायला सांगितलं. खळीमुळे रंग निघेना, शेवटी वरून डांबर फासलं. पाण्याच्या बादल्या मीच वर पोचवल्या, कोणी सांगितलं नसताना, कारण मी त्यांच्या बाजूची आहे हे शेजारच्या गच्चीवरून दिसायला हवं होतं.

तुम्हाला चौकीत तीन दिवस बसवलं. काही निघालं नाही म्हणून सोडलं. चिटणीसांनी निरोप पाठवला की युद्ध संपेपर्यंत येऊ नका. युद्ध दोन आठवड्यांत संपलं, परत या असा निरोप काही गेला नाही. सुंठीवाचून खोकला गेला, असं ते एकदा दुसऱ्या कोणाशी बोलताना मी ऐकलं. तुमचं घर मला माहीत होतं, चालत पंधरा मिनिटांवर. मी तिकडे एकदाही आले नाही. आधी भीती होती की कोणी मला तुमच्या दारात पाहील. मग भीती होती की तुम्ही दार उघडाल.

सात-आठ वर्षांनी आपण मंडईत भेटलो. मी लिंबं घेत होते, बरोबर माझा मुलगा होता. तुम्ही वाळला होतात, हाताला खळीऐवजी सरसाचा वास होता, शाळेच्या वह्या बांधतो म्हणालात. माझ्या मुलाच्या गालाला हात लावलात. संग्रहातल्या दोन-तीन पोथ्यांची चौकशी केलीत, नावानिशी, जशी नातेवाइकांची करतात. मला वाटलं, आता सुटले. तेवढ्यात तुम्ही सहज विचारलंत, "बी.ए. बाई, त्या पुस्तकाचं शेवटचं वाचायचं राहिलंच की. काय होतं हो पुढे?" मी लिंबं पिशवीत टाकत होते. तुम्हाला ठाऊक होतं का, चाचा? फौजदारानं पत्राचं विचारलं तेव्हाच तुम्हाला कळलं असणार की त्या पानांत ते असलं पाहिजे. की तुम्ही खरंच नुसतं विचारत होतात? मी म्हटलं, "पुढे काही विशेष नव्हतं." तुम्ही म्हणालात, "असं होय." आणि कोथिंबिरीच्या गाड्याकडे गेलात. पुढे काही वर्षांनी तुम्ही गेलात, तेही मला पंधरा दिवसांनी कळलं.

पुढे मी याच विषयातली बाई झाले, हे तुम्हाला सांगितलं तर हसाल. व्याख्यानं देते, लोक टाळ्या वाजवतात. नव्वदच्या दशकात युरोपात डोंगराच्या कड्यांवरून गोळे टाकून एका शहराचं ग्रंथालय जाळलं, तिथल्या लोकांनी रांगा लावून पुस्तकं बाहेर काढली, आणि राख कितीतरी वेळ शहरावर पडत राहिली. ते वाचलं तेव्हा मी दोन दिवस जेवले नाही. त्यानंतर हेगच्या कराराला जोड म्हणून आणखी एक पुरवणी करार झाला, जास्त कडक. मग अफगाणिस्तानातल्या कड्यातल्या बुद्धमूर्ती सुरुंगानं उडवल्या. मग आफ्रिकेतल्या वाळवंटातल्या एका गावातून तुमच्यासारख्याच माणसांनी हस्तलिखितं पत्र्याच्या ट्रंकांत भरून, भाजीपाल्याखाली लपवून, नावेतून बाहेर नेली. त्याच गावातली जुनी थडगी पाडणाऱ्या माणसाला हेगच्या न्यायालयानं शिक्षा केली, नुसती त्या पाडापाडीसाठी. ती बातमी मी कापून ठेवली आहे. ती तुम्हाला वाचून दाखवायची होती, एकही ओळ न गाळता. माझ्या प्रत्येक व्याख्यानात निळी ढाल असते. शनिवार पेठेतली गच्ची कधीच नसते. लोक विचारतात, मॅडम, तुम्ही या विषयाकडे कशा वळलात? मी म्हणते, एक पुस्तिका हाती लागली.

आता जुनी इमारत पाडून तिथे नवी झाली आहे आणि मी संग्रहाच्या सल्लागार समितीवर आहे. सीमेवर पुन्हा तणाव आहे, म्हणून ढालीसाठी रीतसर अर्ज करायचं ठरलं, पत्र, सही, तारीख, सगळं. वरातीमागून घोडं, पन्नास वर्षांनी. काल त्यासाठी एक मुलगी माझ्याकडे आली होती, संग्रहातली नवी अभिलेखपाल, हुशार, चटपटीत. फॉर्म तिच्या लॅपटॉपवर होता. एका रकान्यापाशी ती थांबली आणि म्हणाली, "मॅडम, यापूर्वी हे चिन्ह इथे कधी लावलं होतं का, असं विचारलंय. असेल तर कोणी आणि केव्हा, ते डिटेल्स टाकायचेत. असेल तर आपली केस स्ट्राँग होईल."

तुमचं नाव लिहायला एवढीच जागा होती, चाचा. दुसऱ्या कुठल्याही कागदावर तुम्ही नाही, चौकीच्या वहीत असाल तेवढेच. ती मुलगी बोटं टेकवून थांबली होती. घरात आम्ही दोघीच, दार लावलेलं, मला कोण काय करणार होतं या वयात? मी म्हटलं, "नाही, कधीच नाही." तिनं टिक केलं आणि मी खाली सही केली.

या पत्राला पत्ता नाही, पण असता तरी मी ते टाकलं नसतं. तुमचं नाव सांगायला मला भीती वाटली नाही, त्यात आता कोणाला काय वाटणार? पण नाव लिहून झाल्यावर त्या मुलीनं साहजिकच पुढचं विचारलं असतं, की तुमच्याबरोबर गच्चीवर आणखी कोण होतं.